कॅम्पेनसाठी स्वतःचं जग: थोरली नाळ, मीठ आणि दगडात राहणारा शब्द

घाटवाट:
आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या गटाचं नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत खेळायची एक लांब गोष्ट, दिवाळीनंतर सुरू होतंय आणि या वेळी डीएम, म्हणजे जग रचून गोष्ट चालवणारी, मी आहे. आजवर तयार पुस्तकांतली जगं खेळलो. ती चांगलीच आहेत, पण तिथे थंडी म्हणजे बर्फ, जंगल म्हणजे ओक, आणि गोष्ट सुरू होते ती सरायीत. मला असं जग हवंय की ढग कुठल्या बाजूने येणार हे खेळाडूंना सांगावं लागू नये. आराखडा खाली देते. कच्चा वाटेल तिथे बेधडक बोट ठेवा.

नकाशा काढायला बसलं की बहुतेक जण आधी किनारा काढतात, मग डोंगर, मग राजधानी आणि राजाचं नाव. मी उतारापासून सुरुवात केली. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून जवळजवळ १,४६५ किलोमीटर चालत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आलात की तो हजाराच्या खाली येतो, आणि माणदेशात पाचशेच्या आसपास. एका दिवसाच्या प्रवासात तीन वेगळी पिकं, तीन प्रकारची घरं, तीन प्रकारची भांडणं. कुठल्याही राजाने आखलेल्या सीमेपेक्षा हा उतार जास्त पक्का आहे.

म्हणून माझ्या जगात तीनच मुलूख आहेत. खाली समुद्राकाठचा खारपट, वर पावसाचा माथा, पलीकडे कोरड. खारपटात मीठ आहे पण धान्य पुरत नाही. कोरडीत ज्वारी आहे, गुरं आहेत, मीठ नाही. मधे चढायला एकच धड वाट, थोरली नाळ. मीठ वर जातं, धान्य खाली येतं, आणि नाळेच्या तोंडाशी जकात. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहिलाय ना? शेजारच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञात काय काय दान दिलं त्याचा हिशोब. माझ्या जगातली सत्ता म्हणजे तो रांजण. तो ज्याच्या ताब्यात, तो राजा.

आता जादू. कोकणात गधेगाळ नावाचे दगड सापडतात, शिलाहारांच्या काळापासूनचे. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा लेख, आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचं चित्र असलेली शिवी. चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालेल, आणि मोडेल त्याचं हे असं होईल. माझ्या जगात हे शब्दशः खरं आहे. दगडावर तळहात ठेवून दिलेला शब्द दगडाच्या पोटातल्या स्फटिकात जाऊन राहतो. शब्द पाळला जातो तोवर त्या दगडाखालचं पाणी जिवंत. मोडला की झरा आटतो, विहीर कोरडी पडते. आगीचे गोळे नाहीत, उडत्या सतरंज्या नाहीत.

तिसरी गोष्ट, मी देवांची यादी आणि हजार वर्षांचा इतिहास लिहिणार नाहीये. पहिल्या सेशनला एक नाळ, तीन गावं, एक रात्र, एवढंच तयार ठेवणार. बाकीचं जग खेळाडूंकडून यावं. प्रत्येकाने कॅरेक्टर बनवताना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: तुझ्या घराण्याने कुणाला काय शब्द दिलाय, आणि तो आता कोण निभावतंय?

कातळकडा:
फार आवडलं. भूशास्त्र शिकलोय म्हणून लिहितो. तुमच्या जादूला अगदी खरा आधार मिळतो, तो घ्याच.

दख्खनचा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. काही थर घट्ट, काही वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ राहिलेले. या पोकळ्यांत नंतर पाणी झिरपून स्फटिक वाढले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट जगभरचे संग्राहक शोधत असतात, पाषाणचा हिरवा अपोफिलाइटही तसाच. वरून साधा काळा दगड. फोडला की आत मुठीएवढी खोली, आणि भिंतींना निळी फुलं चिकटल्यासारखी.

आता मुद्दा. हे पोकळ थर डोंगराला जवळजवळ आडव्या पट्ट्यासारखे गुंडाळलेले असतात. पाणीही बऱ्याचदा अशाच थरांतून झिरपतं आणि खालचा घट्ट थर किंवा दोन थरांमधली लाल माती लागली की बाजूने बाहेर येतं. म्हणजे स्फटिक आणि झरा साधारण एकाच पातळीवर. शब्द मोडला की पाणी का आटावं, हा प्रश्न तुमच्या खेळाडूंना पडणारच नाही. त्या पातळीची रेघ नकाशावर काढा. वचनाचे दगड त्या रेघेवरच, वर नाहीत, खाली नाहीत. त्या रेघेवर खाण लावू पाहणारा माणूस आपोआप खलनायक होतो, त्याला काळा झगा घालायची गरज नाही.

आणि डंजनसाठी, म्हणजे खेळाडू शोध घेत उतरतात त्या भुयारांसाठी, लेणी वापरा. एकट्या जुन्नरच्या आसपास दोनशेहून जास्त खोदकामं आहेत, नाणेघाटाच्या व्यापारावर पोसलेली. वेरूळचं कैलास वरून खाली खोदत आणलंय. एरवीच्या डंजनमध्ये जितकं खोल जावं तितकं जुनं. इथे उलटं. छत सगळ्यात जुनं, तळ सगळ्यात नवा. तळाशी पोचलेल्या खेळाडूंना ताजी छिन्नीची खूण दिसली पाहिजे, म्हणजे खोदणारा अजून गेलेला नाही.

घाटवाट:
कातळकडा, ताजी छिन्नीची खूण मी घेतली! आणि पातळीची रेघ तर आजच काढते.

मिठागर:
मी मिठाच्या बाजूने लिहितो, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आगर पिकवलं जायचं.

मीठ बारमाही नसतं. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, चिखल तुडवून कोंड्यांचा (मिठाच्या वाफ्यांचा) तळ घट्ट करायचा, भरतीला उघाडीतून (बांधाच्या झडपेतून) खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि एका कोंडीतून दुसरीत खेळवत दाट करत न्यायचं. खरं पीक उन्हाळ्यात. वळवाची एक सर आली तर तयार होत आलेलं मीठ विरघळून जातं. त्यामुळे जो माल वर जायचा तो मृगाच्या आत नाळ चढला पाहिजे. मृग लागला की वाट निसरडी, ओढे भरलेले, चार महिने दोन्ही मुलूख एकमेकांना तुटलेले.

तुमचं कॅलेंडर यातच आहे. मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा म्हणजे जकातीवर सगळ्यात जास्त गर्दी, सगळ्यात जास्त लाच, सगळ्यात जास्त मारामाऱ्या. जकातदाराला नुसतं उशीर करायचंय, बाकी काही नाही. त्याने दोन दिवस तांडा अडवला की आभाळ भरून येतं आणि व्यापारी मागेल ती रक्कम देतो. एक तांडा, शंभर-सव्वाशे किलो लादलेला प्रत्येक बैल, वर काळं होत चाललेलं आभाळ. यात तलवार काढायला लावणारं पुरेसं आहे.

दिवाळीनंतर खेळायला बसताय तरी खेळातली तारीख मे महिन्याची ठेवा.

सहापैलू:
जग सुंदर आहे, पण टेबलावर बसणाऱ्याच्या बाजूने दोन अडचणी दिसतात.

पहिली नकाशाची. नकाशा सहा मैल रुंद षटकोनांत विभागणार असाल तर थोरली नाळ त्यात हरवून जाईल. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत साध्या चालीने दिवसाला चोवीस मैल, म्हणजे चार षटकोन. पण सह्याद्रीचा कडा सहा-सातशे मीटर उतरतो तो काही किलोमीटरांत. अख्खा घाट एका षटकोनाच्या आत. खेळाडू म्हणतील, चढलो, पुढे काय. तुमच्या जगाचा आत्मा तिथेच संपला. नाळेचा नकाशा वरून काढूच नका, उभा छेद काढा. पायथ्याचं गाव, पहिला चढ, पाण्याचं टाकं, खोदीव पायऱ्या, रांजण, माथा. प्रत्येक टप्प्यावर एक निर्णय: बैलांना पाणी पाजायचं की अंधाराआधी पुढचा टप्पा गाठायचा, पुढच्या तांड्याला ओलांडायचं की मागे राहायचं.

दुसरी अडचण मोठी. जादू फक्त दगडात असेल तर ज्याला जादूगार खेळायचाय त्याने काय करायचं? माझ्या गटात असा एक जण नेहमी असतो. त्याला आठवड्याला तीन तास बसून एकही मंत्र टाकता येणार नाही हे तुम्ही सांगणार का? जग कितीही विचारपूर्वक रचलं तरी टेबलावरच्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी हवं.

घाटवाट:
दुसऱ्या अडचणीवर माझं उत्तर असं. जादूगार म्हणजे नेम धरणारा माणूस. नेम धरताना त्याने दगडावर हात ठेवायचा, स्फटिकाचा तुकडा गळ्यात बांधायचा, आणि नेम पाळला जातो तोवर ताकद त्याची. नेम जितका जाचक तितकी ताकद मोठी. मीठ न खाण्याचा नेम असेल तर लहानसहान गोष्टी: पाण्याचा आवाज दुरून ऐकू येणं, खोटं बोलणाऱ्याचा हात गार लागणं. छपराखाली कधीही न झोपण्याचा नेम असेल तर पाऊस थोपवता येईल. खोटं न बोलण्याचा नेम असेल तर त्याहून मोठं काहीतरी, कारण जकातीवर उभं राहून खरं बोलणं सगळ्यांत अवघड.

नवस, नेम, पथ्य हे आपल्या घरांत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आजीने चतुर्थी धरली म्हणजे धरली, तापातही ती मोडत नाही. ही जिद्द खेळात ताकद म्हणून उतरावी असं मला मनापासून वाटतं. आणि डीएमला मोह घालायला रोज नवी संधी. मुसळधार पाऊस, आत उबदार घर, दारात उभी म्हातारी म्हणतेय "आत या". छपराखाली न झोपणारा जादूगार काय करील?

उभ्या छेदाचं शंभर टक्के पटलं. आधीचा कागद बाजूला ठेवला.

सहापैलू:
हे चालेल. चालेल काय, माझा तो खेळाडू उडीच मारेल. एकच करा, नेम काय हे खेळाडूला ठरवू द्या आणि ताकद काय हे तुम्ही ठरवा. उलट केलंत तर सगळे सोपे नेम निवडतील.

निळीशाई:
एक प्रश्न आहे, आणि तो धाग्याला फाटा म्हणून विचारत नाहीये. तुमच्या तीन गावांत विहिरीवर कोण पाणी भरतं?

आपल्या मुलखातून गाव उचललं की त्याच्याबरोबर बलुतं येतं, वेस येते आणि वेशीबाहेरची वस्तीही येते. तुमच्या जगाचा सगळा कणा पाणी आहे. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी घेतलं ते ज्या व्यवस्थेविरुद्ध, ती व्यवस्था पुसून नुसता नयनरम्य पाणवठा ठेवायचा का? पुसलीत तर ते गाव खोटं. जशीच्या तशी ठेवलीत तर तुमच्या टेबलावरच्या एखाद्याला दर आठवड्याला आपल्याच आजोबांचा अपमान खेळावा लागेल. दोन्ही मला नकोसं वाटतं. आणि शब्द पाळला की पाणी राहतं असं म्हणताना, तो शब्द कुणी कुणाला दिला होता? दान देणारा राजा, घेणारा कुणी मोठा. ज्याला विचारलंच नाही त्याची विहीर का आटावी?

ओढ्याकाठी:
निळीशाईंशी सहमत. आणखी एक छोटी गोष्ट. आमच्याकडे विहिरीच्या काठावर साती आसरांचे सात दगड असतात, आई अजूनही हळदकुंकू वाहते. देवराईतली फांदीही कुणी तोडत नाही. हे देव लोकांच्या घरात जिवंत आहेत. त्यांना राक्षस म्हणून समोर उभं करून त्यांच्यावर फासे टाकू नयेत असं वाटतं. स्वतःचे देव घडवा, नाहीतर देवच नकोत.

घाटवाट:
निळीशाई, या प्रश्नावर दोन दिवस बसले होते, म्हणून उशीर झाला.

दगडाला माणसामाणसांतला फरक कळत नाही, हे मी पक्कं केलं. जो कोणी तळहात टेकवील त्याचा शब्द आत जातो. राजाचा जातो, तसाच पायऱ्या खोदणाऱ्या पाथरवटाच्या पोरीचाही. म्हणूनच दगडांभोवती कुंपणं आहेत, पहारे आहेत, आणि कुणी हात लावायचा याचे कडक कायदे आहेत. कायदे दगडाचे नाहीत, माणसांचे. पहारा ठेवणारे सांगतात की चुकीचा हात लागला तर पाणी विटाळतं. हे खोटं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या दगड घडवणाऱ्यांना ते माहीत आहे. त्यांच्या वस्तीमागचं टाकं कधी आटल्याचं कुणाला आठवत नाही, कारण त्यांनी आपसांत दिलेले शब्द त्यांनी पाळलेत.

आपल्या जातींची नावं मी वापरणार नाही. अपमानाचे प्रसंग कुणालाही वठवायला लावणार नाही, हे सेशनच्या आधी सगळ्यांशी बोलून ठरवीन, आणि कुणी थांबा म्हटलं की तिथेच थांबायचं. पण कुंपण मात्र राहील. कॅम्पेनचा मोठा झगडा कुंपणाभोवतीच होईल असं दिसतंय. कुणाची विहीर का आटावी, हा तुमचा प्रश्न मी खेळातल्या एका पात्राच्या तोंडी तसाच घालणार आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही आणि ते खेळाडूंनीच शोधावं.

ओढ्याकाठी, मान्य. देव नाहीत. दगड, पाणी आणि शब्द एवढंच.

निळीशाई:
असं असेल तर मला खेळायला आवडेल. पाथरवटाची पोर मी घेतली असती.

खगोलवेडा:
"चंद्रसूर्य आहेत तोवर" हे तुमच्या जगात शब्दशः खरं आहे म्हणालात. मग अमावास्येच्या रात्रीचं काय? त्या रात्री दोघेही क्षितिजाखाली असतात. आभाळात चंद्र नाही, सूर्य नाही. तुमच्याच नियमाने महिन्यातून एक रात्र सगळे शब्द सैल व्हायला हवेत.

आणि याच्या पुढे जा. खग्रास सूर्यग्रहण. भर दुपारी सूर्य झाकला जातो आणि झाकणारा चंद्र दिसत नाही. एका ठिकाणी ते सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं, पण पृथ्वीवर कुठे ना कुठे वर्ष-दोन वर्षांनी होतच असतं, आणि सावलीचा पट्टा अरुंद असतो, बहुतेकदा शंभर-दोनशे किलोमीटर. २२ जानेवारी १८९८ चा पट्टा आपल्या कोकण किनाऱ्यावरून आत शिरला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला तळ ठोकून होते, पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला घाटापलीकडे जेऊरला. पूर्ण अंधार जेमतेम दोन मिनिटं. सावली पश्चिमेकडून आली, समुद्रावरून किनाऱ्यावर, तिथून घाटमाथ्यावर, आणि देशावर पसरत गेली. अगदी तुमच्या नकाशाच्या दिशेने.

विचार करा, त्या पट्ट्यातल्या प्रत्येक दगडातला शब्द दोन मिनिटांसाठी मोकळा. दान, कर्ज, गुलामी, तह, सगळं. पट्ट्याबाहेरचं काहीही हलत नाही. गणित येणाऱ्याला तो पट्टा कुठून जाणार हे आधी सांगता येतं. आता ते गणित कुणाकडे आहे, आणि त्याने ते कुणाला विकलंय?

घाटवाट:
हे वाचून उठून फेऱ्या मारल्या. कॅम्पेनचा शेवट मिळाला. मेच्या अखेरीला सुरुवात, ग्रहण पुढच्या पौषात. मधल्या प्रत्येक अमावास्येला थोडं थोडं काहीतरी सुटतं, म्हणजे खेळाडूंना काय येतंय याची चव आधी लागेल. आणि ज्यांना आपले शब्द मोडायचे आहेत ते सगळे त्या पट्ट्याकडे सरकू लागतील. ज्यांच्यावर दुसऱ्याचा शब्द लादलाय तेही.

कातळकडा:
नेम धरलेले जादूगारसुद्धा! दोन मिनिटांत नेम मोडला तर चालतो का?

घाटवाट:
चालतो. पण अंधार सरल्यावर पुन्हा शब्द द्यायचा की नाही, हे प्रत्येकाने ठरवायचं. ते मी आधी जाहीर करणार नाही.

विश्वामित्रीकाठ:
बडोद्याहून वाचतोय. आमचा गट मराठीत खेळतो, पण नियम इंग्रजीत उघडून ठेवावे लागतात. माहितीसाठी: पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झालाय. श्रेय दिलं की त्याचं मराठी रूप करून वाटता येतं. घाटवाट, तुम्ही नेमाचे नियम लिहिलेत तर ते त्याला जोडून इथेच टाका. मी तक्ते मराठीत करून देतो.

सहापैलू:
नेमांचे तक्ते तपासायचं काम माझ्याकडे. पहिल्या सेशनचा उभा छेद झाला का?

घाटवाट:
झाला. तांडा पायथ्याशी अडकलाय, बैल तीस, मीठ सगळं लादलेलं, जकातदार म्हणतोय उद्या बघू. आजची रात्र अमावास्येची. वरच्या गावाने खालच्या गावाला दिलेला एक शब्द आज पहाटेपर्यंत सैल आहे, आणि पाण्याच्या टाक्याशी कुणीतरी कंदील न लावता उभं आहे. पाचही कॅरेक्टरांची उत्तरं आली, त्यातल्या दोघांच्या घराण्यांनी एकमेकांच्या विरुद्ध शब्द दिलेत. हे त्यांना अजून माहीत नाही.

मिठागर, एकच विचारायचं राहिलं. लादलेले बैल रात्रभर उभे ठेवतात की मीठ उतरवतात?

मिठागर:
उतरवतात. बैल लादून रात्रभर उभा ठेवला तर सकाळी घाट चढणार नाही. गोण्या जमिनीवर टेकवू नका, खाली लाकडं किंवा दगड रचून त्यावर. जमिनीची ओल मीठ ओढून घेतं. पहाटे पुन्हा लादायला वेळ लागतो, तो धरा. घाईत निघायची वेळ आली तर अर्ध्या गोण्या खालीच राहणार.